लॅपटॉपमधलं तळघर आणि लोहगडचा कैदी

२०२५ च्या जुलैत लोणावळ्यात पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती, धुणं तीन-तीन दिवस वाळत नव्हतं आणि दहावीत शिकणारा माझा मुलगा जुन्या लॅपटॉपला चिकटून बसला होता. रागवायला म्हणून मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर मिट्ट काळोख होता. त्यात एक छोटा माणूस चालत होता. त्याच्याभोवती कंदिलाएवढा उजेड पडला होता, त्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं.

"ये क्या है?" मी विचारलं.

"अम्मी, तुम कॉलेज में थे ना, तब का गेम है."

खेळाचं नाव ऐकून मी दचकलेच. 'डायब्लो', म्हणजे स्पॅनिश भाषेत सैतान. आपल्या घरांत असल्या नावाला पहिली प्रतिक्रिया काय असते ते सांगायला नको. पण मी पडले भाषेची शिक्षिका. आधी शब्दाकडे लक्ष गेलं. 'डायब्लो'च्या मुळाशी ग्रीक 'दियाबोलोस' आहे आणि आपला 'इब्लीस' हा शब्दही तिथूनच आला असावा, असं अनेक पाश्चात्त्य अभ्यासक म्हणतात. अरबी कोशकारांना ते मान्य नाही. ते 'इब्लीस'चं नातं निराश होण्याचा अर्थ असलेल्या 'बलस' या धातूशी जोडतात. म्हणजे जो अल्लाहच्या रहमतीपासून निराश झाला तो. हे मी मुलाला सांगायला लागले, तर तो म्हणाला, "अम्मी, लेक्चर बाद में. पहले खेल के देखो." आणि त्याने माउस माझ्या हातात दिला.

त्या आठवड्यात मी रोज तासभर खेळले. मी अजून सहाव्या मजल्यावरच आहे, त्यामुळे हे अनुभव नवख्या खेळाडूचे आहेत. पण त्या तासांनी मला आमच्या दारातल्या एका किल्ल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं, म्हणून लिहिते आहे.

तळघरात उतरताना

हा खेळ १९९६ संपताना आणि १९९७ उजाडताना बाजारात आला. २०१९ साली तो आजच्या संगणकांवर चालेल अशा रूपात पुन्हा विक्रीला आला, म्हणून आमच्या जुनाट लॅपटॉपवरही चालतो. ज्याने तो रचला तो डेव्हिड ब्रेविक कॅलिफोर्नियात माउंट डायब्लो नावाच्या डोंगराच्या परिसरात वाढला. नाव तिथून आलं. त्याआधीचे असे खेळ बुद्धिबळासारखे असत. तुमची एक चाल, मग राक्षसाची एक चाल. हाही आधी तसाच बनत होता. मग ब्रेविकने काही तासांत त्यात बदल करून पाहिला आणि सगळं एकाच वेळी, थेट घडू लागलं. तुम्ही विचार करत बसलात तर राक्षस तुमच्यासाठी थांबत नाही.

कथा साधी आहे. ट्रिस्ट्रम नावाचं गाव, गावात पडकं चर्च आणि चर्चच्या खाली सोळा मजली तळघर. वर वस्ती, खाली अंधार. तीन पात्रांतून एक निवडायचं असतं. मी तिरंदाज बाई निवडली. खेळात तिला 'रोग' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, भुरटा असा काहीतरी आहे, पण मराठी डोक्याला ते वाचून हसूच येतं.

पहिल्या दिवशी मी दोनदा मेले. आजकालच्या खेळांत पुढे कुठे जायचं ते बाण दाखवून सांगतात, असं मुलगा म्हणाला. इथे बाण नाही. एक पुसट नकाशा आहे, पण तोही तुम्ही जिथवर चाललात तिथवरचाच. पळता येत नाही, चालायचंच. पिंप फोडलं तर कधी सोनं निघतं, कधी हाडांचा सापळा उठून उभा राहतो. आणि प्रत्येक वेळी नवा डाव सुरू केला की तळघराच्या भिंती वेगळ्या. कालची वाट आज नसते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' याच नावाचा एक खेळ केला होता, त्यात फक्त अक्षरं आणि चिन्हं वापरून अशी दर वेळी बदलणारी तळघरं रचलेली होती. ही युक्ती तिथली.

मला सगळ्यात आवडली ती झोळी. मिळालेल्या वस्तू ठेवायला चाळीस चौकोन असतात. ढाल ठेवली की जागा संपते, मग धनुष्य ठेवायचं की चिलखत, ही चिंता. उर्दू शिकवणाऱ्या बाईला इथे अमर अय्यारची 'जंबील' आठवली नाही तरच नवल. दास्तान-ए-अमीर हमजामधल्या या अय्यारच्या झोळीत अख्खं जग मावतं. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून छापले, ते लोकांनी वेड्यासारखे वाचले. त्यांत हेच तर आहे! एक मायावी मुलूख, दरवाज्यामागे दरवाजा, प्रत्येक दरवाज्यावर पहारा आणि तो तिलिस्म तोडण्यासाठी शोधावी लागणारी एक 'लौह', म्हणजे पाटी. मराठी वाचकही या दुनियेला अनोळखी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने हातिमताई, गुलबकावली ऐकली. जादू, राक्षस आहेत म्हणून हे खेळ परके, असं म्हणणाऱ्या पालकांना मी आता एवढंच विचारते की मग दास्तानींचं काय करायचं? मुलाने दिवसभर त्यातच बुडून राहू नये, हे मात्र मलाही पटतं. आमच्या घरी एका तासाचा नियम आहे आणि आता तो मलाही लागू झाला आहे.

वेडा राजा

तिसऱ्या मजल्यावर मला एक मेलेला राजा भेटला. राजा लिओरिक. जिवंतपणी तो भला राजा होता. मग त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सल्लागाराने त्याला भरीस घातलं, त्याने नको ते युद्ध केलं, शेवटी त्याच्याच सरदारांना त्याला मारावं लागलं. त्याचा लहान मुलगा त्याच गोंधळात पळवला गेला आणि तळघराच्या तळाशी अंधारात नेला गेला. आता राजा मुकुट घातलेला सापळा होऊन फिरतो आहे.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, ही गोष्ट मी कुठेतरी वाचली आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं, तेही मुलाच्या प्रश्नावरून. त्याने विचारलं, "अम्मी, डंजन को मराठी में क्या बोलते?" मी म्हणाले, अंधारकोठडी, कैदखाना. गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ असलेला जुना फ्रेंच शब्द गढीच्या सर्वांत मजबूत बुरुजासाठी होता. तिथे कैदी ठेवू लागले आणि शब्द बुरुजावरून घसरत तळघरात गेला. आमच्या सह्याद्रीत मात्र कैदखाना वरच राहिला, डोंगराच्या माथ्यावर. आणि असा एक कैदी आमच्या अगदी शेजारी होता.

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की पुढचंच स्टेशन मळवली. उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीकडे चढत गेलं की उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. १४८९ मध्ये मलिक अहमदने हा किल्ला जिंकला आणि तो अहमदनगरच्या निजामशाहीत गेला. या मलिक अहमदचा बाप मलिक हसन. तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा होता, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. आपण ज्याला सरसकट 'परकी सत्ता' म्हणून शिकवतो, तिची मुळं परभणी जिल्ह्यात निघतात.

याच घराण्यात १५६५ मध्ये मुर्तझा निजामशाह गादीवर आला. पुढे त्याच्या वागण्यामुळे लोक त्याला 'दीवाना' म्हणू लागले. दरबार सोडून तो एकांतात राहू लागला आणि कारभार सल्लागारांच्या हाती गेला. त्याने आपल्या सख्ख्या भावाला, बुऱ्हाणला, कैदेत टाकलं. ती कैद लोहगडावरची. बुऱ्हाण पुढे सुटला, बंड फसलं, तो अकबराच्या आश्रयाला गेला. इकडे १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने ठार केलं. मग सरदारांनी गादीवर बसवला तो बुऱ्हाणचा कोवळा मुलगा इस्माईल. बुऱ्हाण फौज घेऊन परत आला आणि १५९१ मध्ये स्वतःच्याच मुलाला बाजूला सारून राजा झाला. या बुऱ्हाणच्या दरबारात 'बुऱ्हान-ए-मआसिर' हा दख्खनच्या इतिहासाचा मोठा फारसी ग्रंथ लिहिला गेला. १५९५ मध्ये तो वारला आणि मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा तटावर उभी राहिली ती त्याची बहीण. तिचं नाव प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे: चांदबिबी. १६०० मध्ये तिला मारलं तेही शत्रूने नव्हे, आपल्याच लोकांनी.

चांदबिबीचा भाऊ आमच्या लोहगडावर कैदी होता, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच मुलांनी मान वर करून खिडकीबाहेर, डोंगराच्या दिशेला पाहिलं.

कसाई

आता खेळातल्या एका गोष्टीबद्दल, जी मला टोचली.

दुसऱ्या मजल्यावर एक दार आहे. चर्चच्या बाहेर एक जखमी गावकरी पडलेला असतो. तो मरताना आपल्याला त्या दाराआडच्या राक्षसाबद्दल सांगतो. दार उघडलं की रक्ताने भरलेली खोली आणि हातात सुरा घेतलेला एक आडदांड प्राणी. त्याचं नाव 'बुचर'. मुलगा सहज म्हणाला, "अम्मी, कसाई आया, भागो!"

मी पळाले नाही, त्यामुळे मेले. पण माझं लक्ष खेळात नव्हतं. माझ्या वर्गात कुरेशी घरांतली मुलं आहेत. पहाटे बापाबरोबर दुकानाची फळी धुऊन शाळेत येणारी. त्यांच्या बापाच्या धंद्याचं नाव बाहेर कशा अर्थाने वापरलं जातं, ते त्यांना फार लवकर कळतं. खेळ करणाऱ्यांच्या मनात आपले कुरेशी नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण एखाद्या माणसाला राक्षस बनवायला फार मेहनत लागत नाही, हे त्या रात्री मला नीट दिसलं. त्याचं नाव काढून घ्यायचं, घर काढून घ्यायचं आणि फक्त धंदा किंवा फक्त जात-धर्म शिल्लक ठेवायचा. मग तलवार उचलताना हाताला जड वाटत नाही. खेळात मी शेकडो सापळे पाडले. एकाचंही नाव मला माहीत नाही.

आणि तेव्हा मला त्या सहलीतला प्रश्न आठवला.

त्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन लोहगडावर गेलो होतो. महादरवाज्यातून आत शिरलं की दर्गा लागतो. मुलांनी तिथे दुआ मागितली, मग सावलीत बसून डबे उघडले. मी किल्ल्याची गोष्ट सांगत होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी हा भाग घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात लोहगड गेला, १६७० मध्ये तो परत जिंकला. मध्येच आठवीतल्या एका मुलाने हळूच विचारलं, "टीचर, इस लडाई में अपन किस की तरफ थे?"

बाकीची मुलं गप्प झाली. म्हणजे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, आपण सगळे भारतीय वगैरे. बी.एड.ला शिकवतात की मुलाचा प्रश्न टाळू नये. मी टाळला.

नावं परत द्यायची

खरं तर तो प्रश्न खेळातला आहे. खेळात बाजू आधी ठरते आणि मग पडद्यावर जो हलेल तो शत्रू. इतिहासात माणसं आधी येतात आणि बाजू तपासावी लागते. त्या मुलाला मी काय सांगायला हवं होतं, ते आता सांगते.

१६६५ मध्ये स्वराज्यावर चालून आलेल्या मोगल फौजेचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग होता, आमेरचा राजपूत. त्याची युद्धाची पत्रं 'हफ्त अंजुमन' या संग्रहात आहेत. ती फारसीत आहेत आणि ती लिहिणाऱ्या मुन्शीचं नाव उदयराज. इकडे सभासद बखरीत महाराजांच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेगचं नाव येतं. आरमारात दौलतखान होता. १६६० मध्ये पन्हाळ्याला आदिलशाहीच्या सिद्दी जौहरचा वेढा पडला. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला सरदारही सिद्दीच होता, सिद्दी हिलाल. त्या लढाईत त्याचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. एका बापाने मुलगा गमावला, तो स्वराज्यासाठी.

म्हणून "अपन" दोन्हीकडे होते. आणि हे फक्त मुसलमानांबद्दल खरं नाही, मराठ्यांबद्दलही आहे, राजपुतांबद्दलही. 'आमचेही लोक तिकडे होते' अशी पावती दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही. शाळेत मुलाला पावती मागितली जाऊ नये, आणि त्याने ती खिशात घेऊन फिरूही नये. सांगायचं एवढंच, की लढाईत माणसं नोकरीसाठी, वतनासाठी, इमानासाठी, कधी सुडासाठी लढली. आणि पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांची घरं जळाली ती मावळातली कुणबी माणसं दोन्हीपैकी कुठल्याच तख्ताची नव्हती. १६६५ मध्ये जयसिंगाने लोहगड-विसापूरच्या पायथ्याची गावं उद्ध्वस्त करायला जी पथकं पाठवली, त्यांनी घराच्या मालकाचा धर्म विचारला नव्हता.

खेळात ट्रिस्ट्रम गावात केन नावाचा एक म्हातारा आहे. तळघरातून आणलेली वस्तू काय आहे ते पुष्कळदा कळत नाही. ती नुसती 'अज्ञात' म्हणून झोळीत पडून असते. ती केनकडे नेली आणि शंभर मोहरा दिल्या की तो तिचं खरं नाव आणि गुण सांगतो. मला वाटतं, इतिहास शिकवणाऱ्याचं काम हेच आहे, मोहरा न घेता. लोहगडाला गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आहेत. वाट नागमोडी वळते आणि प्रत्येक वळणावर चढणारा माणूस वरच्याच्या माऱ्यात येतो. त्यांतले काही दरवाजे आणि वरची मोठी विहीर नाना फडणवीसांच्या काळातली. विहिरीजवळच्या शिलालेखात शके १७११, म्हणजे १७८९ साल आहे. आणि २०१९ मध्ये किल्ल्याच्या एका गुहेत ब्राह्मी लिपीतला जैन लेख उजेडात आला. सातवाहनांच्या काळातला जैन साधू, निजामशाही कैदी, शिवरायांचे मावळे, पेशव्यांचा कारभारी, दर्ग्यातला वली, आणि ४ मार्च १८१८ ला विसापूर घेऊन लगेच लोहगडही घेणारे इंग्रज. सगळे एकाच डोंगरावर. जो वाचील त्याला ते आपली नावं सांगतात. न वाचणाऱ्याला सगळंच अज्ञात.

मी खेळत होते त्याच महिन्यात, ११ जुलैला बातमी आली की युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत लोहगड आहे. आता जगभरचे लोक येतील. आमच्या मुलांनी त्यांना किल्ला दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे. पण आधी त्यांना वाटलं पाहिजे की तो त्यांचाही आहे.

खेळाचा शेवट मुलाने मला आधीच सांगून टाकला, मुलं सांगतातच. सोळाव्या मजल्यावर डायब्लोला मारलं की त्या अक्राळविक्राळ देहाच्या जागी एक लहान मुलगा पडलेला दिसतो. तोच पळवलेला राजपुत्र. ज्याला आपण इतका वेळ सैतान म्हणून शोधत होतो, तो कुणाचं तरी लेकरू होता. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "पहले बताता तो तुम मारते क्या?"

यंदा पाऊस ओसरला की आम्ही पुन्हा लोहगडावर जाणार आहोत. या वेळी प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देणार आहे. त्यावर एक नाव असेल: बुऱ्हाण, नूर बेग, उदयराज, सिद्दी हिलाल, चांदबिबी, नाना फडणवीस. वर पोहोचेपर्यंत त्या माणसाची माहिती सांगायची. तो आठवीतला मुलगा आता नववीत आहे. त्याच्यासाठी मी वाहवाहचं नाव ठेवलं आहे. बाजू कुठली हे त्याने मला सांगायचं, आणि या वेळी उत्तर टाळायचं नाही हे मी स्वतःला बजावलं आहे.